पाठीतला पेसमेकर आणि ट्रॅमाडॉलच्या गोळ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मणक्याचं ऑपरेशन होऊनही पाय ठणकतोच आहे, कित्येक वर्षं गोळ्या चालू आहेत, आणि आता डॉक्टर म्हणतात की मज्जारज्जूजवळ एक यंत्र बसवून बघू. अशा घरांतून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. सगळ्यात जास्त जागा एकाच प्रश्नाला दिली आहे: यंत्र बसलं की गोळ्या सुटतील का? ऑपरेशनला होकार देताना बहुतेकांच्या मनात हीच आशा असते, आणि तिचं खरं उत्तर होकार देण्याआधी कळायला हवं.

एक विनंती आधीच. हे वाचून कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. का, ते पुढे सविस्तर येईल.

हे यंत्र नेमकं असतं काय?

स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर असं त्याचं नाव. लोक त्याला पाठीतला पेसमेकर म्हणतात. यात एक किंवा दोन बारीक वायर असतात, त्यांना लीड म्हणतात. लीडच्या टोकाला बहुधा आठ संपर्कबिंदू असतात. मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर जी अरुंद फट असते, तिच्यात ही लीड जाड सुईतून सरकवतात. कंबर आणि पायाच्या दुखण्यासाठी तिचं टोक साधारण छातीच्या आठव्या-नवव्या मणक्यापाशी ठेवतात. दुसरं टोक एका छोट्या बॅटरीला जोडलेलं असतं. ही बॅटरी कंबरेखाली किंवा कुशीत कातडीच्या आत बसवतात. बाहेरून रिमोटने प्रवाह कमी-जास्त करता येतो.

यामागचा विचार १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी मांडला. मज्जारज्जूत दुखण्याच्या संदेशांसाठी एक दार असल्यासारखी रचना आहे आणि स्पर्श वाहून नेणाऱ्या जाड तंतूंना चेतवलं की ते दार अंशतः बंद होतं, असं त्यांचं म्हणणं होतं. दोनच वर्षांनी, १९६७ मध्ये, अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये नॉर्मन शीली या सर्जनने माणसाच्या शरीरात पहिलं असं यंत्र बसवलं. जुन्या पद्धतीच्या यंत्रांत दुखऱ्या भागावर सतत झिणझिण्या जाणवतात. सेकंदाला १० हजार स्पंदनं देणाऱ्या नव्या पद्धतीत त्या जाणवत नाहीत. स्पंदनांचे छोटे झुबके देणारी 'बर्स्ट' ही आणखी एक पद्धत आहे.

हे यंत्र आजार बरा करत नाही. सरकलेली गादी जागेवर येत नाही, दबलेली नस मोकळी होत नाही. दुखण्याचा संदेश मेंदूपर्यंत पोहोचताना क्षीण होतो, एवढंच होतं. पण ज्याला दहा मिनिटं उभं राहता येत नाही, त्याला 'एवढंच' खूप असतं.

कोणत्या दुखण्यात याचा विचार करतात?

नसांच्या दुखण्यात. म्हणजे आग होणं, शॉक बसल्यासारखी कळ, चादरीचा स्पर्शही सहन न होणं. मणक्याच्या ऑपरेशननंतर राहिलेलं पायातलं दुखणं, सीआरपीएस नावाचा आजार (इजेनंतर हाता-पायात उरणारं तीव्र दुखणं) आणि मधुमेहामुळे पायांची होणारी आग, ही मुख्य कारणं. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००८ साली दिलेल्या शिफारशीत अटी घातल्या आहेत: दुखणं नसांचं हवं, १०० पैकी ५० किंवा त्याहून जास्त तीव्रतेचं हवं, नेहमीचे उपचार करूनही किमान सहा महिने टिकलेलं हवं आणि काही दिवस तात्पुरती लीड लावून केलेल्या चाचणीत फरक पडलेला हवा.

गुडघ्याची झीज किंवा सर्वांगात फिरतं दुखणं यासाठी हा उपाय नाही. मणका अस्थिर असेल, किंवा नस इतकी दबली असेल की पाय लुळा पडतोय, लघवीवरचा ताबा जातोय, तर आधी त्याचं ऑपरेशन लागतं. तिथे यंत्राच्या गप्पा मारत वेळ घालवणं धोक्याचं आहे.

माझ्या गोळ्या 'ओपिऑइड' प्रकारातल्या आहेत का? मी तर साधी पेनकिलर घेतो.

पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत काय लिहिलं आहे ते बघा. ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीन, मॉर्फिन, ऑक्सिकोडोन, फेंटानिल, ब्युप्रेनॉर्फिन, पेंटाझोसिन यांपैकी काही दिसलं तर ती अफूच्या जातकुळीतली गोळी किंवा पॅच आहे. आपल्याकडे सर्वांत जास्त गोंधळ होतो तो ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेल्या गोळीमुळे. घरात तिला 'पॅरासिटामॉलची जरा स्ट्राँग गोळी' समजतात. भारतात ट्रॅमाडॉल २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, आणि मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय ती द्यायची नसते.

डोस किती आहे हे समजायला सगळ्या गोळ्या मॉर्फिनच्या मापात मोजतात. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२२ मध्ये दिलेले गुणक वापरले, तर ट्रॅमाडॉलची ५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून चार वेळा म्हणजे २०० गुणिले ०.२, मॉर्फिनचे ४० मिलिग्रॅम. टॅपेंटाडॉल १०० मिलिग्रॅम दोन वेळा म्हणजे २०० गुणिले ०.४, मॉर्फिनचे ८०. फेंटानिलचा २५ नंबरचा पॅच म्हणजे ६०. रोजचे ५० ओलांडले की बहुतेकांत आराम फारसा वाढत नाही, धोका मात्र वाढत जातो. हा हिशोब डॉक्टरांशी बोलण्यापुरता आहे. त्यावरून घरच्या घरी एक गोळी सोडून दुसरी सुरू करू नका.

गोळ्या डॉक्टरांनीच दिल्या. मग मला व्यसन लागलं असं कसं म्हणता?

बहुतेकदा तसं नसतंच. महिनोन् महिने घेतल्यावर शरीराला गोळीची सवय होते, आणि वेळ चुकली की त्रास होतो. हे शरीराचं अवलंबित्व आहे. नियमाने गोळी घेणाऱ्या कुणाचंही ते होईल. नुकसान दिसत असूनही गोळीवरचा ताबा सुटणं, चार दुकानांतून चार चिठ्ठ्यांवर गोळ्या आणणं, दुखत नसतानाही घेणं, हे व्यसन. त्यालाही उपचार आहेत, आणि ते मागण्यात लाज नाही.

घरच्यांना कळकळीचं सांगणं आहे: 'तुला गोळीची चटक लागली आहे' हे वाक्य जेवणाच्या पानावर बोलू नका. त्याने गोळी सुटत नाही. ती लपवून घेतली जाते, आणि डॉक्टरांना खरा आकडा कळत नाही.

गोळ्या वाढवत गेलो तरी दुखणं वाढतंच आहे. असं का?

तीन कारणं असू शकतात. मूळ आजार वाढला असेल. शरीर सरावल्यामुळे जुना डोस पुरत नसेल. किंवा या गोळ्यांमुळेच चेतासंस्था जास्त संवेदनशील झाली असेल, म्हणजे दुखणं पसरतं, साधा स्पर्शही बोचतो आणि डोस वाढवला की उलट बिघडतं. या तिसऱ्या प्रकारात डोस हळूहळू कमी केल्यावर काहींचं दुखणं खरोखर कमी होतं. ऐकायला विचित्र वाटेल, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

कंबर, गुडघा आणि खुब्याच्या जुन्या दुखण्यावर या गोळ्या इतर औषधांपेक्षा सरस आहेत, हा समजही पक्का नाही. अमेरिकेत मिनियापोलिसमध्ये २४० रुग्णांवर झालेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतर ओपिऑइड घेणाऱ्यांची हालचाल आणि कामकाज इतर औषधं घेणाऱ्यांपेक्षा सुधारलेलं नव्हतं. दुखण्याची तीव्रता तर दुसऱ्या गटात किंचित कमी होती.

यंत्र बसवल्यावर गोळ्या सुटतात का?

आपोआप सुटत नाहीत. काहींच्या सुटतात, बऱ्याच जणांच्या कमी होतात, आणि बऱ्याच जणांच्या तशाच राहतात.

आता पुरावा बघू, कारण इथे दोन्ही बाजूंनी जोरजोरात बोलणारे लोक आहेत.

२००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्रोसेस' अभ्यासात मणक्याच्या ऑपरेशननंतर पाय दुखणारे १०० रुग्ण होते. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत यंत्र दिलं, निम्म्यांना फक्त नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी यंत्राच्या गटातल्या ४८ टक्के लोकांचं पायाचं दुखणं अर्ध्याने किंवा जास्त कमी झालं होतं. दुसऱ्या गटात हे प्रमाण ९ टक्के होतं. फरक मोठा आहे. पण याच अभ्यासात ओपिऑइड गोळ्या घेण्याच्या बाबतीत दोन गटांमध्ये ठळक फरक दिसला नाही. म्हणजे दुखणं कमी झालं, गोळ्या मात्र त्या मानाने हलल्या नाहीत.

२०१८ मध्ये अमेरिकेतल्या ५ हजारांहून जास्त रुग्णांच्या विम्याच्या नोंदी तपासून असं मांडलं गेलं की यंत्रानंतर वर्षभरात सुमारे ७० टक्के लोकांचा डोस 'कमी झाला किंवा स्थिर राहिला'. जाहिरातीत हा आकडा दिसला, तर 'किंवा' या शब्दापाशी थांबा. डोस स्थिर राहिलेला माणूस गोळ्यांतून सुटलेला नसतो. या अभ्यासात यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा सहभाग होता, हेही लक्षात असू द्या. मात्र त्यात एक उपयोगाची गोष्ट होती: ज्यांचं यंत्र पुढे काढावं लागलं, त्यांचा मॉर्फिनच्या मापातला डोस जास्त होता.

२०२२ मध्ये 'जामा न्यूरॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अभ्यास सर्वांत अस्वस्थ करणारा आहे. यंत्र बसवलेले १,२६० रुग्ण आणि नेहमीचे उपचार घेणारे त्यांच्यासारखेच ६,३०० रुग्ण, यांची दोन वर्षांची तुलना त्यात आहे. दुसऱ्या वर्षात दीर्घकाळ ओपिऑइड घेण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक नव्हता. यंत्र बसवलेल्यांपैकी १७.९ टक्के लोकांना यंत्राशी संबंधित गुंतागुंत झाली, आणि २२.१ टक्के लोकांचं यंत्र दुरुस्त करावं लागलं किंवा काढावं लागलं. हा अभ्यास विम्याच्या नोंदींवरचा आहे. कुणाला किती आराम पडला, कोण किती चाललं, हे अशा नोंदींत दिसत नाही. तरीही इतक्या माणसांच्या गोळ्यांचा हिशोब बाजूला सारता येत नाही.

त्याच वर्षी नॉर्वेतल्या ट्राँडहाइममध्ये ५० रुग्णांवर आणखी कडक कसोटी झाली. सगळ्यांच्या शरीरात यंत्र होतं. काही महिने बर्स्ट पद्धतीने प्रवाह चालू आणि काही महिने बंद, आणि कोणत्या काळात काय आहे हे रुग्णाला ठाऊक नव्हतं. पाठीमुळे येणाऱ्या अडचणींच्या मोजमापात दोन्ही काळांत अर्थपूर्ण फरक निघाला नाही. २०२३ मध्ये कॉक्रेन या उपचारांचे पुरावे पडताळणाऱ्या संस्थेने कंबरदुखीवरचे अभ्यास एकत्र तपासले आणि या उपायाचा टिकाऊ फायदा सिद्ध होत नाही असं म्हटलं. दुसऱ्या पारड्यात २०२१ चा मधुमेही रुग्णांचा अभ्यास आहे. पायांची आग होणाऱ्या २१६ जणांपैकी १० हजार स्पंदनांचं यंत्र मिळालेल्या गटात ७९ टक्के लोकांना निम्म्याहून जास्त आराम पडला, नेहमीच्या उपचारांच्या गटात ५ टक्के लोकांना. पण इथे कोणाला यंत्र आहे हे सगळ्यांनाच माहीत होतं, त्यामुळे आशेचा वाटा वेगळा काढता येत नाही.

हे सगळं वाचून माझं मत असं झालं आहे: नीट निवडलेल्या रुग्णाला, विशेषतः नसांचं दुखणं पाठीपेक्षा पायात जास्त असेल तर, यंत्राने खरा आराम मिळू शकतो. पण गोळ्या कमी करणं हे वेगळं काम आहे. त्याची वेगळी योजना लागते, वेगळ्या भेटी लागतात, आणि त्याची जबाबदारी एका डॉक्टरने नावानिशी घ्यावी लागते. सर्जनला वाटतं फिजिशियन बघतील, फिजिशियनना वाटतं पेन क्लिनिक बघेल, आणि चिठ्ठी दर महिन्याला तशीच पुढे चालू राहते. गोळ्या न सुटण्याचं हे फार साधं आणि टाळता येण्यासारखं कारण आहे.

यंत्राआधी गोळ्या कमी केल्या तर बरं का?

डोस चढा असेल तर हो, जमेल तेवढ्या. चढ्या डोसवर यंत्राचा निकाल कमी चांगला येतो, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. यावरून गोळ्या यंत्र बिघडवतात असं म्हणता येत नाही. ज्यांचं दुखणं जास्त जुनाट आणि गुंतागुंतीचं, त्यांचाच डोस चढा असतो, हेही कारण असेल. पण डोस आधी थोडा उतरवला, तर चाचणीत यंत्राचा फरक स्वच्छ कळतो आणि ऑपरेशननंतरच्या वेदनेवर औषध देणं सोपं जातं. ज्यांना हा उपाय लागू पडण्यासारखा आहे, त्यांच्याशी तो विषय गोळ्या तिप्पट होईपर्यंत थांबून मग काढणं, हे मला पटत नाही.

मात्र 'शून्यावर या, मगच यंत्र' अशी अट घातली जात असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

चाचणीचे दिवस कसे असतात?

रुग्णाला पालथं झोपवतात, पोटाखाली उशी. जागा बधिर करून, एक्स-रेच्या पडद्यावर बघत लीड वर सरकवतात. झिणझिण्यांच्या पद्धतीत रुग्णाला पूर्ण गुंगी देत नाहीत, कारण त्याच्याशी बोलायचं असतं. प्रवाह सुरू करून विचारतात, 'कुठे जाणवतंय?' रुग्ण सांगतो, 'मांडीत येतंय, पोटरीत नाही.' लीड जराशी हलवतात, बिंदू बदलतात. 'आता?' 'आता पोटरीत, पण बरगडीलाही लागतंय.' दुखणं जिथे आहे तिथे झिणझिण्या पोहोचेपर्यंत हे चालतं. इथे लाजून किंवा डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून 'हो हो, आलं' म्हणू नका.

मग वायर पाठीवर चिकटपट्टीने पक्की करतात आणि बाहेरची छोटी बॅटरी पट्ट्यात अडकवून घरी सोडतात. साधारण पाच ते सात दिवस. या काळात अंघोळ नाही, अंग पुसून घ्यायचं. कमरेत वाकायचं नाही, पिळा द्यायचा नाही, फडताळातला वरचा डबा काढायला हात उंच करायचे नाहीत, नाहीतर लीड सरकते. ताप, पाठीला पू, पायात नवी कमजोरी किंवा लघवी अडणं यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठायचा.

आणि एक वही ठेवायची. तिच्यात दुखणं दहापैकी किती एवढंच लिहिलं तर फारसं हाती लागत नाही. सकाळी ओट्याशी किती वेळ सलग उभं राहता आलं, जिना चढताना किती वेळा थांबावं लागलं, रात्री किती वेळा जाग आली, हे लिहा. प्रत्येक गोळीपुढे वेळ आणि कारण लिहा: 'दुखत होतं', 'वेळ झाली म्हणून', 'झोप येईना', 'बाहेर जायचं होतं, भीती वाटली'. पुढे कोणती गोळी आधी कमी करायची ते याच नोंदींवरून ठरवता येतं. 'वेळ झाली म्हणून' घेतलेली गोळी बहुधा सर्वांत आधी निघते.

दुखणं निम्म्याने कमी झालं तर चाचणी यशस्वी मानतात. चाचणीतला आराम पुढे टिकेल याची ती हमी नसते.

चाचणीच्या दिवसांत गोळ्या बंद करून यंत्राची ताकद बघू का?

अजिबात नको. अचानक बंद केल्याने होणारा त्रास दुखण्यासारखाच असतो, आणि चांगलं चालणारं यंत्रही निकामी वाटतं. डोस डॉक्टरांनी सांगितलाय तोच ठेवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या कधी थांबवायच्या आणि कधी पुन्हा सुरू करायच्या, हे मात्र आधी लेखी विचारून घ्या. मणक्यात रक्त साचणं दुर्मिळ आहे, पण झालं तर पाय कायमचे जाऊ शकतात.

यंत्र लागल्यावर गोळ्या कमी करायची खरी पद्धत काय?

पहिले काही आठवडे काही करायचं नाही. जखम भरते, लीड स्थिरावते, प्रवाह दोन-तीनदा जुळवून घ्यावा लागतो. आराम स्थिर आहे अशी खात्री झाली की पहिली पायरी.

वर्षाहून जास्त काळ गोळ्या घेणाऱ्यांसाठी साधारण महिन्याला दहा टक्के हा वेग सहसा सोसतो. समजा ट्रॅमाडॉल दिवसाला ४०० मिलिग्रॅम आहे. गोळी ५० ची असल्याने पहिल्या महिन्यात ४०० चे ३५०, म्हणजे दहा टक्क्यांहून थोडं जास्त. जमलं तर पुढे ३००. नाही जमलं तर तिथेच एक महिना जास्त थांबायचं, पण शक्यतो परत चढायचं नाही. शेवटच्या पायऱ्या सर्वांत अवघड असतात, कारण १०० वरून ५० म्हणजे एकदम निम्मा डोस. तिथे वेग आणखी कमी करावा. सहा महिने, वर्ष लागलं तरी बिघडत नाही.

एका वेळी एकच गोष्ट कमी करा. ट्रॅमाडॉल, प्रीगाबालिन (नसांच्या दुखण्याचं औषध) आणि झोपेची गोळी एकदम उतरवली तर त्रास कशामुळे होतोय ते कुणालाच कळत नाही. अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम (झोपेसाठी किंवा घाबरेपणासाठी देतात त्या गोळ्या) चालू असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. ही औषधं ओपिऑइडबरोबर घेतल्यावर श्वास मंदावू शकतो, आणि वरून दारू असेल तर जिवावर बेतू शकतं. प्रीगाबालिन आणि गॅबापेंटिनच्या बाबतीतही, विशेषतः म्हाताऱ्या माणसांत आणि दम्याच्या किंवा फुप्फुसाच्या रुग्णांत, हा धोका आहे.

डोस उतरल्यावर जुनी मात्रा पुन्हा एकदम घेणं फार धोक्याचं. शरीराची सवय मोडलेली असते, कालपर्यंत पचणारा डोस आज जास्त होतो. उरलेल्या गोळ्यांची पाकिटं घरात साठवू नका.

गोळी कमी करताना काय काय होतं?

नाक गळणं, सारख्या जांभया, अंगावर काटा, पोटात मुरडा, जुलाब, पाय स्वस्थ न राहणं, झोप उडणं, चिडचिड. सोबत जुनं दुखणं काही दिवस उसळतं, आणि माणसाला वाटतं यंत्र बंद पडलं. हळू उतरलं तर हे सगळं सौम्य असतं. ट्रॅमाडॉल नैराश्याच्या औषधांसारखंही काम करतं, त्यामुळे ते झटक्यात बंद केलं तर घाबरं होणं, भास, अंगातून करंट गेल्यासारखं वाटणं असाही त्रास होतो.

अचानक बंद करण्याविरुद्ध अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१९ मध्ये स्पष्ट इशारा दिला. तिथे ओपिऑइडच्या व्यसनाची साथ आटोक्यात आणायच्या घाईत अनेकांचे डोस झपाट्याने तोडले गेले, आणि त्यातून आत्महत्येचे विचार आणि भयंकर वेदना ओढवल्या. जगणं नकोसं वाटू लागलं तर ते गोळी कमी करण्याचा नेहमीचा भाग समजून अंगावर काढू नका. घरच्यांना लगेच सांगा, डॉक्टरांना फोन करा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

गोळ्या शून्यावर आल्या नाहीत तर यंत्र फुकट गेलं का?

नाही. चार गोळ्यांच्या दोन झाल्या, बद्धकोष्ठता गेली, दिवसाची गुंगी उतरली, आणि बाई बाजारात जाऊन स्वतः भाजी निवडून आणू लागली, तर हे यश आहे. उलट गोळ्या शून्यावर आल्या पण माणूस पलंगावरून उठेना, तर ते यश नाही. काहींना थोड्या डोसवर ठेवणं किंवा ब्युप्रेनॉर्फिनच्या पॅचवर आणणं हाच योग्य निर्णय असतो.

धोके कोणते?

लीड सरकणं किंवा तुटणं हे सर्वांत जास्त. जंतुसंसर्ग शंभरातल्या काही जणांना होतो, आणि मग बहुतेकदा सगळं यंत्र काढावं लागतं. म्हणून साखर आधी ताब्यात आणा, तंबाखू आणि सिगरेट सोडा. बॅटरीच्या जागी दुखत राहणं, आवरणाला छिद्र पडून डोकेदुखी होणं, हेही होतं. मज्जारज्जूला इजा दुर्मिळ आहे, पण होते.

आणि परिणाम ओसरू शकतो. नेदरलँड्समध्ये सीआरपीएसच्या ५४ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात दोन वर्षांपर्यंत यंत्राचा फायदा दिसत होता, पाच वर्षांनी दोन्ही गटांत अर्थपूर्ण फरक उरला नव्हता. परिणाम कमी झाला की आधी प्रवाह नव्याने जुळवून बघतात आणि लीड जागेवर आहे का ते एक्स-रेत तपासतात. अशा वेळी गोळी वाढवायचा मोह सगळ्यांनाच होतो. ती वाढवण्याआधी यंत्र तपासून घ्या.

एमआरआय, विमानतळ, गाडी चालवणं?

बरीच नवी यंत्रं ठरावीक अटींवर एमआरआयला चालतात. मॉडेलचं कार्ड पाकिटात ठेवा आणि आधी दाखवा. विमानतळावर तेच कार्ड दाखवून हाताने तपासणी मागा. झिणझिण्यांचं यंत्र गाडी चालवताना बंद ठेवायचं. फिजिओथेरपीत डायथर्मीचा (यंत्राच्या लहरींनी खोलवर उष्णता देणारा) शेक कधीही घ्यायचा नाही, लीड तापून मज्जारज्जूला इजा होते.

परदेशी मुलाकडे जाताना गोळ्यांचाही विचार करा. संयुक्त अरब अमिरातीत ट्रॅमाडॉल न्यायला पूर्वपरवानगी लागते, अमेरिकेतही ते नियंत्रित औषध आहे. मूळ पाकीट आणि डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी जवळ हवी.

खर्च किती?

काही लाखांत. चार्ज करता येणारी बॅटरी महाग, पण जास्त वर्षं टिकते. न चार्ज होणारी काही वर्षांनी छोटं ऑपरेशन करून बदलावी लागते, आणि तो खर्चही आजच विचारात घ्या. मेडिक्लेमची पूर्वमंजुरी लेखी घ्या, चाचणीची आणि कायमच्या यंत्राची वेगवेगळी.

एक खर्च पत्रकात दिसत नाही. यंत्र जुळवायला पुन्हा पुन्हा जावं लागतं, आणि हे काम मोठ्या शहरांतच होतं. लातूर किंवा गडचिरोलीहून दर वेळी पुण्याला, नागपूरला कोण घेऊन जाणार, याचं उत्तर घरात आधी ठरवा. यंत्र जुळवून देणारा माणूस हॉस्पिटलचा आहे की कंपनीचा, आणि दोन वर्षांनी तो नसेल तर कोण करेल, हेही विचारा.

दुखणं कॅन्सरचं असेल तर?

मग वर गोळ्यांबद्दल लिहिलेली सावधगिरी तशीच लावू नका. वाढत्या कॅन्सरच्या वेदनेत मॉर्फिन हे पहिल्या फळीचं औषध आहे, आणि गरजेनुसार डोस वाढवणं तिथे योग्य असतं. 'सवय लागेल' या भीतीने घरचे गोळी मागे ठेवतात आणि माणूस रात्र रात्र तळमळतो. हे थांबायला हवं. २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात बदल झाला, मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं अत्यावश्यक ठरली आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांना ती ठेवणं सोपं झालं. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी वेदनाशमनाचा स्वतंत्र विभाग आहे. कॅन्सरचे उपचार संपले, आजार आटोक्यात आहे, पण केमोमुळे नसांचं दुखणं वर्षानुवर्षं उरलं आहे, अशा रुग्णाच्या बाबतीत मात्र हे पान पहिल्यापासून लागू होतं.